ताटाशेजारी कोण बसणार?

माझी भाची तांदळाच्या भाकरीचा पापुद्रा आधी सोलून काढायची. मग त्याचे नखाएवढे तुकडे करायची आणि ते ताटाच्या कडेकडेने लावत जायची. वीस मिनिटांनी तुकडे तेवढेच असायचे, फक्त त्यांची जागा बदललेली असायची. मांदेलीचं कालवण निवून त्यावर तवंग धरलेला असायचा. वहिनी ओट्यापाशी पाठमोरी, दादा नाईट करून आत झोपलेला, आणि आमची आई म्हणायची, "राहू दे गं, भूक नसेल पोरीला."

'भूक नसेल' या दोन शब्दांवर आमच्या घराचे आठ महिने गेले. आधी अॅसिडिटीची गोळी झाली, मग टॉनिक. सोमवारच्या उपवासाला गुरुवार जोडला गेला, पुढे चतुर्थी आली. पोरगी देवाचं करते म्हणून कौतुकच झालं. पाळी थांबली तेव्हा बोईसरला एका डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, बारावीचं टेन्शन आहे, परीक्षा झाली की खाईल. नजर काढून झाली, एका भगताकडेही जाऊन आलो. ऐन मे महिन्यात, आमच्या चिंचणी गावच्या दमट उकाड्यात ती स्वेटर घालून बसायला लागली आणि तिच्या हातांवर बारीक लव दिसली, तेव्हा मी घाबरले.

या आजाराला अॅनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. अंग राखायला लागतं तेवढं अन्न माणूस घेत नाही, आणि घेत नाही हे त्याला चुकीचं वाटत नाही. दुसरा प्रकार बुलिमियाचा. त्यात पोट फुटेपर्यंत खाण्याचे झटके येतात आणि मागाहून ते अन्न अंगाबाहेर काढण्याची धडपड होते. तिसऱ्यात नुसते झटके असतात; त्याला बिंज ईटिंगचा विकार म्हणतात आणि अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत तो स्वतंत्रपणे आला 2013 मध्ये. ही थेरं नव्हेत. 2011 साली 36 अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा अॅनोरेक्सियाच्या दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे 5 मृत्यू आढळले. मेलेल्यांपैकी दर पाचात एकाने जीव दिला होता. मनाच्या आजारांत इतका जीवघेणा आजार क्वचितच असेल.

मग आम्हाला कळायला नववा महिना का उजाडला? याचं उत्तर मला आमच्या मातीतच सापडतं. चिंचणीत जे ताम्रपट सापडले त्यांतला एक शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926 चा. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळात संजाणचा कारभार मधुमती म्हणजे मुहम्मद नावाचा अरब अधिकारी पाहत होता. त्याने लोकांसाठी फुकट नावा चालवल्या आणि अन्नछत्र घातलं, तिथे साळीचा भात, कालवणं आणि तूप मिळे, असं त्या पत्र्यावर कोरलेलं आहे. हजार वर्षांहून जास्त काळ या किनाऱ्यावर खाऊ घालणं म्हणजे चांगुलपणा. आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. अशा गावात वाढलेलं ताट घरातलीच मुलगी नाकारते, तर आईला तो आजार वाटतच नाही, आपल्याच हातात काही कमी पडलं असं वाटतं.

आणि आमच्या या पालघर जिल्ह्याच्याच डोंगराळ भागात जव्हार-मोखाडा आहे. 1992 साली तिथल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. कुपोषणाविरुद्ध जिथे अजून झगडा चालू आहे, त्या जिल्ह्यात "घरात सगळं आहे, पण मुलगी जेवत नाही" हे तोंडातून काढायची लाज वाटते. वहिनीने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. श्रीमंतांचं, शहरातलं, इंग्रजी मासिकातलं दुखणं अशी या आजाराची ओळख आहे, आणि तीच आपल्याकडच्या मुलींना नडते.

दुसरी अडचण डॉक्टरांच्या पुस्तकांची. त्यांत लिहिलेलं असतं की रुग्णाला जाड होण्याची भीती असते. आमची भाची एकदाही "मी जाडी आहे" म्हणाली नाही. पोट गच्च होतं, घास उतरत नाही, मळमळतं, एवढंच. दिल्लीच्या एम्समधल्या खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी 1995 मध्ये अशाच पाच तरुणींबद्दल लिहिलं होतं. जेवण नाकारणं, उलट्या, वजन उतरणं, पाळी जाणं हे सगळं होतं. आपलं शरीर आहे त्याहून जाड दिसणं ही पुस्तकातली खूण मात्र नव्हती. हाँगकाँगला सिंग ली यांनाही तसेच रुग्ण भेटले. आजार एकच, पण तो प्रत्येक मुलखात तिथली भाषा बोलतो, आणि आपल्याकडे ती बहुतेक पोटाची आणि उपवासाची असते. जाडीची भीती येणारच नाही असंही नाही. फिजीच्या नाद्रोगा भागात टीव्ही पोहोचला 1995 मध्ये. अॅन बेकर यांनी तेव्हा शाळकरी मुलींना विचारलं, तर वजनासाठी उलटी काढणारी एकही नव्हती. 1998 मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा शंभरातल्या अकरा मुली तसं करत होत्या. आणि त्या मुलखात तर धडधाकट, भरलेलं अंग हेच देखणं मानलं जात होतं.

आता त्या 'भूक नसेल'कडे येते, कारण उपचारांचं सगळं इंगित तिथेच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धग्रस्त युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. लढायला नकार दिलेली ही मुलं स्वखुशीने आली होती, तनामनाने ठणठणीत म्हणून निवडलेली होती. त्यांचं वजन सुमारे चौथाईने उतरलं. आणि ती काय करायला लागली? अन्नाचे बारीक तुकडे करून तासन्‌तास चिवडत बसायची. स्वयंपाकाची पुस्तकं जमवायची. चिडायची, एकटी राहायची, उन्हाळ्यात थंडीने कुडकुडायची. दिवसभर डोक्यात दुसरा विषय नाही. अन्न मोकळं मिळायला लागलं तेव्हा कित्येकांना खाणं थांबवता येईना.

हे मी वाचलं तेव्हा भाकरीचे ते तुकडे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ज्याला आम्ही पोरीचा हट्ट म्हणत होतो, त्यातला केवढा तरी भाग निव्वळ उपासमारीचा होता. मनात काहीतरी बिघडतं म्हणून माणूस खात नाही हे खरंच, पण न खाण्यानेही मन बिघडतं आणि ते बिघडलेलं मन आणखी खाऊ देत नाही. अशा अवस्थेतल्या मुलीला "तुझ्या मनात नेमकं काय आहे?" विचारून फार काही हाती लागत नाही. आधी पोटात अन्न जावं लागतं. तेही एकदम नाही. फार दिवस उपाशी असलेल्या अंगात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस घसरतं आणि हृदय बंद पडू शकतं. कुपोषित मुलांच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत हे रोज सांभाळलं जातं. तिथे अतितीव्र कुपोषित बाळाला पहिल्या दिवसांत हलकं एफ-75 दूध देतात, बाळ सावरलं की एफ-100. म्हणून रक्ततपासणी, नाडी आणि ईसीजी पाहिल्याशिवाय घरच्या घरी शूरपणा करू नये.

उपचार इथवर यायला शंभर वर्षं गेली. 1873 च्या सुमाराला लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी हा आजार वेगवेगळा टिपला. अॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव गल यांचं. नातेवाईक हे अशा रुग्णाचे सगळ्यांत वाईट सेवेकरी, असं त्यांचं मत होतं. मुलीला घरापासून तोडायचं आणि इस्पितळात परक्यांच्या हाती द्यायचं. हा विचार फार टिकला. पुढे आईलाच आजाराचं कारण ठरवणारे सिद्धांत आले. 1970 च्या दशकात फिलाडेल्फियात साल्वादोर मिनुचिन यांनी कुटुंबाला दवाखान्यात एकत्र जेवायला बसवलं, ही मोठी गोष्ट झाली. पण त्यांनाही घराची वीणच दोषी वाटत होती.

खरी कलाटणी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात मिळाली. क्रिस्टोफर डेअर, आयव्हन आयझलर, जेराल्ड रसेल आणि जॉर्ज श्मुक्लर यांनी 80 रुग्णांवर केलेला अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. इस्पितळात वजन सावरल्यावर काहींना एकेकट्याचं समुपदेशन दिलं, काहींना कुटुंबासकट. ज्या मुलींचा आजार लहान वयात सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांना कुटुंबासकट उपचार स्पष्टपणे जास्त लागू पडला. पाच वर्षांनी पाहिलं तरी तो फायदा टिकून होता. पुढे अमेरिकेत जेम्स लॉक आणि डॅनियल ल ग्रांज यांनी ही रीत पुस्तकात बांधून दिली. त्यांनी 121 मुलामुलींवर केलेल्या 2010 च्या अभ्यासात, उपचार संपून वर्ष झाल्यावर कुटुंबासकट उपचार झालेल्यांपैकी 49 टक्के पूर्ण बरे होते, एकेकट्याने झालेल्यांपैकी 23 टक्के. गल यांनी ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं, तेच आईबाप औषध ठरले. वहिनीला मी हे वाचून दाखवलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून किती तरी वेळ बसून राहिली.

आमचा उपचार व्हिडिओ कॉलवर झाला, मुंबईच्या एका थेरपिस्टकडून. बोईसरला रक्त, ईसीजी आणि वजन, बाकी सगळं मोबाइलवर. पहिल्याच दिवशी त्या बाई म्हणाल्या, "हे कुणामुळे झालं ते मी शोधणार नाही. मुलगी वेगळी आणि आजार वेगळा. सध्या जेवणाचा निर्णय आजार घेतोय, तो तुम्ही काढून घ्यायचा." दुसऱ्या भेटीत कॅमेरा थेट जेवणावर. काय वाढायचं ते वहिनीने ठरवलं, भाचीने नाही. ती रडली, उठून गेली, परत आली. बाई वहिनीला हळू सांगत होत्या: समजावू नका, वाद घालू नका, कॅलरीचं बोलू नका. शेजारी सरका आणि एवढंच म्हणा, "अजून एक घास घे, मी इथेच आहे." तासाभराने तिने एक घास जास्त खाल्ला. एकच. पण त्या एका घासाने वहिनीला कळलं की हे आपल्याला जमतं.

पुस्तकी रीतीत घर म्हणजे आई, बाप आणि मुलं. चिंचणीतलं घर तसं नसतं. दादा एमआयडीसीत शिफ्टला, आठवड्याला पाळी बदलते. वहिनीची नोकरी सकाळची. तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, प्रत्येकाला मोठं माणूस शेजारी हवं. आम्ही तक्ता केला आणि फ्रिजवर लावला: फर्स्ट शिफ्टचा आठवडा, सेकंडचा, नाईटचा, आणि प्रत्येक खाण्यापुढे एक नाव. चार वाजताच्या खाण्याला मी. जड गेलं ते आमच्या आईचं मन वळवणं. नात रडली की ती म्हणणार, "नको गं छळू तिला." आजार त्या एका फटीतून रोज सुटायचा. थेरपिस्टने आईलाच कॉलवर बसवलं आणि विचारलं, "आजी, नातीला ताप आला असता आणि औषध कडू असतं, तर?" त्या दिवसापासून आईने उपवासाचं नाव काढू दिलं नाही. माझ्या मते आपल्याकडची एकत्र कुटुंबं या उपचाराला अडथळाही आहेत आणि बळही. चार तोंडं चार गोष्टी बोलली तर उपचार बुडतो. चारही एक बोलली, तर लंडनच्या घराला मिळणार नाही इतकी माणसं ताटाशेजारी बसायला असतात.

धाकट्या भावाला मात्र पहारेकरी करायचं नव्हतं, हे त्या रीतीत पक्कं सांगितलेलं आहे. त्याचं काम जेवणानंतरचं. जेवण झालं की पुढचा अर्धा-पाऊण तास सगळ्यांत वाईट असतो, मनात कालवाकालव चाललेली असते. तेव्हा आम्ही तिघं पाच-तीन-दोन खेळायचो. एका महिन्यात पत्त्यांची कड मऊ पडली.

वजन आणि नाडी सावरल्यावर दुसरा टप्पा. निर्णय एकेक करून मुलीच्या हाती परत द्यायचे: आधी मधल्या वेळचं खाणं, मग कॉलेजातला डबा, मग स्वतः वाढून घेणं. तिसऱ्यात जेवणाचं बोलणं मागे पडतं आणि मैत्रिणी, अभ्यास, पुढे काय, हे येतं. सहा महिने ते वर्ष लागतं.

मोठ्या वयाच्या रुग्णांसाठी, आणि बुलिमियासाठी तर विशेष, दुसरी वाट ऑक्सफर्डला निघाली. बुलिमियाचं वर्णन रसेल यांनी 1979 मध्ये केलं आणि 1981 मध्ये क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी त्यावर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक दोन्ही बदलणारी उपचारपद्धती मांडली. आजार सुरू कशाने झाला यापेक्षा तो चालू कशावर राहतो, हे त्यांनी विचारलं. पहिल्याच भेटीत रुग्ण आणि थेरपिस्ट मिळून कागदावर चक्र काढतात: कडक पथ्य, ते मोडणं, खाण्याचा झटका, उलटी, आणि पश्चात्तापाने आणखी कडक पथ्य. लोक समजतात की झटका हा आजार आणि पथ्य हा उपाय. चक्र पाहिलं की दिसतं, पथ्यच झटक्याला बोलावतं. म्हणून पहिलं काम ठरल्या वेळी खाणं, दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. काय खाल्लं, कुठे, तेव्हा मनात काय होतं, हे त्याच क्षणी टिपायचं, रात्री आठवून नाही. वजन आठवड्यातून एकदाच आणि थेरपिस्टसोबत, घरी काट्यावर चढायचं नाही.

पुढे एक गोल काढायला सांगतात. स्वतःची किंमत तू कशावरून करतेस, त्याचे त्यात वाटे पाड. मी त्याला भाकरी म्हणते. बहुतेकींच्या भाकरीचा तीन चतुर्थांश वाटा अंगाच्या आकाराचा असतो, आणि मैत्री, गाणं, घर, अभ्यास उरलेल्या पावात कोंबलेले. उपचार म्हणजे बाकीचे वाटे वाढवणं.

ही साधारण वीस आठवड्यांत वीस भेटींची पद्धत आहे, वजन फार कमी असेल तर चाळीस. कोपनहेगनला 70 बुलिमियाग्रस्त रुग्णांवर 2014 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार बोलका वाटतो. काहींना दोन वर्षं दर आठवड्याला मनोविश्लेषण मिळालं, काहींना सीबीटीच्या 20 भेटी. दोन वर्षांनी झटके आणि उलट्या थांबलेले रुग्ण मनोविश्लेषणात 15 टक्के, सीबीटीत 44. वेळ जास्त दिला म्हणजे उपचार चांगला झाला असं नाही. पण 44 म्हणजे निम्म्याहून कमी, हेही खरं. मोठ्या माणसांच्या अॅनोरेक्सियात तर अजून कुठलीच पद्धत ठामपणे पुढे नाही. न्यूझीलंडला 2005 साली 56 स्त्रियांवरच्या अभ्यासात तर वजन, आहार आणि आधार एवढ्यावर लक्ष ठेवणारी साधी देखरेख नामांकित पद्धतींना मागे टाकून गेली.

आता प्रश्न पोहोचण्याचा. चिंचणीहून रिक्षाने बोईसर, तिथून लोकलने दोन-अडीच तास मुंबई. वीस भेटी म्हणजे वीस खाडे. मुंबईतही हे काम जाणणारे मोजकेच. उपचार सुधारणं म्हणजे मला आता तो इथवर आणणं वाटतं, आणि याचा धडा आपल्या शेजारी गोव्यातच आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे 1996 मध्ये 'संगत' ही संस्था सुरू केली. पदवीधर मानसतज्ज्ञ नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्यावर सहा ते आठ भेटींचा उपचार दिला. 2017 च्या अभ्यासात तीन महिन्यांनी नैराश्य सरलेले रुग्ण 64 टक्के होते, एरवीच्या उपचारात 39. समुपदेशक एकमेकांच्या भेटींची रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायचे, चुका दाखवायचे. ऑक्सफर्डचे फेअरबर्न आणि गोव्याचे पटेल यांनी मिळून अशा उपचारांचं शिक्षण जगभर कसं न्यावं यावर लिहिलं आहे. फेअरबर्न यांच्या गटाने आयर्लंडभरच्या थेरपिस्टना वेबसाइटवरून ही सीबीटी शिकवून पाहिली.

नैराश्यासाठी जमलं ते खाण्याच्या विकारांना जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही. इथे नाडी आणि रक्त पाहणारा डॉक्टर सोबत लागतोच. पण किशोरवयीन मुलांसाठी महाराष्ट्रात सरकारी 'मैत्री' क्लिनिकं आहेत, त्यांत समुपदेशक आहेत. कॉलेजच्या प्राध्यापिका आहेत, आशाताई आहेत. दातांचे डॉक्टरही आहेत, सततच्या उलट्यांनी झिजलेले दात अनेकदा सगळ्यांत आधी त्यांनाच दिसतात. यांतल्या एकानेही दुसऱ्या महिन्यात आम्हाला विचारलं असतं, तर सात महिने वाचले असते. 10 ऑक्टोबर 2022 पासून 14416 हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. पहिला फोन तिथे करता येतो.

भाची पूर्ण बरी झाली असं लिहायला हात धजत नाही. परीक्षेआधी पंधरा दिवस पुन्हा डगमगली, आम्ही पुन्हा ताट वाढून द्यायला लागलो. मागच्या महिन्यात दादाच्या शिफ्टच्या वेळा बदलल्या. फ्रिजवरचा जुना तक्ता काढून नवा लावलेला मला दिसला, तिच्या अक्षरात. बहुतेक रकान्यांत 'मी' लिहिलेलं होतं. चार वाजताच्या खाण्यापुढे अजून 'आत्या' होतं.